भैरवगढच्या अंगणात दोनदा लिहिलेला कागद

उज्जैनहून परत आले आणि गल्लीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, भस्मारती मिळाली का? नाही मिळाली. मग दुसरा, अहो मग सहा दिवस केलंत काय तिथं? याचं उत्तर दारात उभ्या उभ्या देता येईना, म्हणून बसून लिहिते. महाकालाचं दर्शन झालं, लांबूनच झालं, पण झालं. त्या देवळाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांचं वाचावं. मी लिहिणार आहे ते माझ्या नातीच्या शिक्षणाबद्दल, कापड रंगवणाऱ्या एका बाईबद्दल, आणि मी मोठ्या तोऱ्यात दिलेल्या एका चुकीच्या सल्ल्याबद्दल. घरात वकिली शिकणारी पोर असेल त्यांनी तर वाचाच.

आधी मी कोण ते सांगते. मी विमल, धुळ्याची. शाळा सातवीपर्यंत. तीस वर्षं घरातूनच साड्यांना फॉल-पिको, पॉलिश, आणि विटलेल्या साड्या पुन्हा रंगवून देण्याचं काम केलं. गिऱ्हाईक ज्या वर्तमानपत्रात साडी गुंडाळून आणायचं तो कागद मी वाचल्याशिवाय कधी टाकला नाही. माझं कॉलेज तेच, आणि माझ्या अभ्यासक्रमात सगळे विषय होते, फक्त अर्धे अर्धे.

नात म्हणजे हर्षदा, माझ्या मुलीची मुलगी. तिनं वकिलीची पदवी घेतली आणि मग तिच्या डोक्यानं घेतलं की पर्यावरणाचा कायदा आणि मानवी हक्क यातच पुढं शिकायचं. तिचे वडील, आमचे अनिलराव, स्वतःचं दुकान चालवतात, माणूस सज्जन, पण व्यवहारी. ते म्हणाले, "झाडं काय वकिलाला फी देणार आहेत?" बरेच दिवस घरात हेच चाललं होतं. शेवटी तह झाला. उज्जैनला एक अभ्यासकेंद्र आहे, तिथं दोन वर्षांचा अभ्यासक्रम, अर्धा वेळ वर्गात आणि अर्धा वेळ लोकांना फुकट कायदेशीर मदत करणाऱ्या दवाखान्यात. दवाखानाच म्हणतात त्याला, मलाही आधी नवल वाटलं. विद्यावेतन मिळतं. जागा पाच. हर्षदानं तिथं एकदा प्रयत्न करायचा. जागा मिळाली तर अनिलराव पुढं एक शब्द बोलणार नाहीत. नाही मिळाली तर पुढच्या सोमवारपासून काकांच्या ऑफिसात, शेतीच्या वाटण्यांचे दावे लिहायला. तेही काम वाईट नाही हो. पण पोरीचं तोंड तेव्हा कसं व्हायचं ते मी पाहिलेलं होतं, म्हणून सोबतीला मी निघाले.

माधव नगर, रविवार

प्रवासाचं काय सांगू, बस होती, बसलो, उतरलो. एवढंच सांगते की सेंधव्याचा घाट चढला आणि नर्मदा ओलांडली की जमीन बदलते. काळी माती आपल्याकडेही आहे, पण माळव्यातला गहू असा एकसारखा उभा असतो की वाटावं कुणी चादर ओढून ताठ केली आहे.

आम्ही उतरलो वसुधाताईंकडे. माझ्या धाकट्या बहिणीची ही नणंद. यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी कारकुनीला होते, तेव्हापासून घराणं उज्जैनचंच. वसुधाताई तीस-बत्तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झाल्या. त्यांची मराठी ऐकायला मला फार आवडते. "या, या, विमलताई. हातपाय धुऊन घ्या, मग नाश्ता करून घ्या. बाकी बातें होत राहतील," असं स्वागत झालं. तेवढ्यात हर्षदाकडे बघून म्हणाल्या, "ही तर किती दुबली झाली. टेन्शन घेते का?"

नाश्त्याला पोहे. आपण पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालतो. तिथं वर जिरावन नावाचा मसाला, बारीक शेव आणि डाळिंबाचे दाणे. मी म्हटलं, आमच्या खान्देशात शेवेची भाजी करतात. वसुधाताईंचा चमचा हवेतच थांबला. "रश्शात? शेव? अहो, मग तिचा कुरकुरीतपणा राहील कसा?" मी म्हटलं, तो राहू नये म्हणूनच रश्शात घालतात. त्यांना ते काही पटलं नाही. सहा दिवसांत त्यांनी शेव खिचडीवर घातली, दह्यात घातली, एकदा वरणभातावरही घातली, पण रश्शाला मात्र हात लावू दिला नाही.

फ्रीगंज, सोमवार

केंद्र फ्रीगंजात, एका औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर. मी समजत होते मोठी कमान असेल, बाग असेल. तर अरुंद जिना, तीन खोल्या आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या फायली. एकोणीस मुलं-मुली आली होती. पालकांना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, पण दार सताड उघडं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं आणि मी ते ऐकलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

केंद्राच्या प्रमुख भार्गव मॅडम. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज हळू. त्यांनी मुलांना परीक्षा सांगितली ती ऐकून मला हसूच आलं, इतकी सोपी वाटली. शहरात किंवा आसपास जा. हवा, पाणी, जमीन बिघडल्यामुळे ज्याचं काही बिघडलंय असा एक माणूस शोधा. त्याचा जबाब लिहून घ्या, दोन पानांचा. मग तो त्याला वाचून दाखवा. तो म्हणाला "हे माझं आहे", तरच त्याची सही घ्या. बुधवारी दुपारी चारपर्यंत कागद इथं पोचला पाहिजे, गुरुवारी मुलाखत. बस.

चहाच्या वेळी मॅडम बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना गाठलंच. म्हटलं, मॅडम, मी धुळ्याची, हिच्या आईची आई, मला स्पष्ट सांगा, हे शिकून पोरीचं पुढं काय होतं? इतकं सरळ त्यांना कुणी विचारलं नसावं. त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि बोटं मोजत सांगायला लागल्या. त्यांनी सांगितलेलं मी घरी जाऊन वहीत उतरवलं, ते इथं देते. पर्यावरणाचे खटले चालवणारं वेगळं पीठ भोपाळला बसतं, तिथं या विषयाचे वकील लागतात. प्रदूषणावर देखरेख करणाऱ्या मंडळांना कायदा अधिकारी लागतात. कारखान्यांनाही लागतात, कारण परवानगी घेणं, नियम पाळणं आणि ते पाळल्याचं दाखवणं यासाठी आता त्यांना माणूस ठेवावाच लागतो. मानवाधिकार आयोगात शिकाऊ म्हणून उमेदवारी करता येते. जिल्ह्याजिल्ह्याला फुकट मदतीसाठी वकिलांची यादी असते, तिच्यात नाव घालता येतं. शिकवायचं असेल तर कायद्याची पदव्युत्तर पदवी, मग पात्रता परीक्षा, मग पीएचडी. आणि ज्यांनी वकिली केलेली नाही, विज्ञान किंवा समाजकार्य केलंय, त्यांच्यासाठी पत्रानं शिकायच्या पदविका निराळ्या. शिष्यवृत्ती मिळवून परदेशी जाणारेही आहेत.

मी विचारलं, मग एवढं सगळं असताना पाचच जागा का? तर म्हणाल्या, "माँजी, जागा पुष्कळ आहेत. ऐकून घेणारी माणसं कमी आहेत."

हे वाक्य मी वहीत लिहिलं होतं. लिहिलं होतं, लक्षात ठेवलं नव्हतं. ते पुढं येईलच.

संध्याकाळी राम घाटावर गेलो. एका पंड्यानं विचारलं, कुठून आलात. धुळे म्हटल्यावर लगेच, "अच्छा, धुलिया!" तिकडे आपलं गाव अजून धुलियाच आहे. घाटावर पाटी होती, नदीत साबण लावू नये, आणि पाटीखालीच एक गृहस्थ पाठीला साबण लावत होते. हर्षदानं त्यांना पाटी दाखवली. ते म्हणाले, "बेटा, ये तो ख़ुशबू वाला है." आम्ही दोघी पायऱ्यांवर बसून हसलो. पण शिप्रेचं पाणी मी निरखून पाहिलं. तीस वर्षं टबातलं पाणी बघूनच रंग ठरवला, ती सवय जात नाही. काठाशी पाण्याला फेसाची एक बारीक किनार होती आणि ती साबणाची नव्हती.

भैरवगढ, मंगळवार

कुणाचा जबाब घ्यायचा हे मीच सुचवलं, त्याचं श्रेय मला द्या, कारण पुढं श्रेय मिळण्यासारखं फार काही नाही. उज्जैनच्या टोकाला नदीकाठी भैरवगढ आहे. तिथले छापे प्रसिद्ध. कापडावर मेणानं नक्षी काढतात, मग रंगात बुडवतात. मेण असेल तिथं रंग चढत नाही. शेवटी उकळत्या पाण्यात मेण उतरवलं की नक्षी पांढरी उमटते. मला ते बघायचंच होतं. आणि म्हटलं, पाण्याशी ज्याचा रोजचा संबंध, त्यालाच पाण्याचं दुखणं ठाऊक.

तिथं आम्हाला शकीलाबी भेटल्या. साठीच्या आतबाहेर, उंच, बोटांच्या टोकांना निळा रंग कायमचा बसलेला. अंगणात वाळू पसरलेल्या टेबलावर कापड अंथरून त्या चिंध्या गुंडाळलेल्या लोखंडी कलमेनं मोर काढत होत्या. आधी पेन्सिलीची खूण नाही, काही नाही. मी नुसती बघत राहिले. मग न राहवून म्हटलं, मेणात राळ घालता ना, म्हणून तडा असा बारीक जातो? त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हर्षदाला बाजूला सारून मला बसायला मोढा दिला, म्हणजे वेताचं बुटकं स्टूल.

दोन तास बोलल्या. गल्लीच्या टोकाला हातपंप आहे. पूर्वी त्याचं पाणी प्यायचे. मग वरच्या अंगाला कापड धुण्याचा एक कारखाना आला, त्याचा नाला वस्तीमागून जातो. आता पंपाच्या पाण्याला वास येतो, भांड्यांवर पिवळा थर बसतो. बोटांमधली त्वचा सोलते. "पानी काटता है," असं त्या म्हणाल्या, आणि हात पुढं करून दाखवले. सुनेच्या अंगावर चट्टे आहेत म्हणून तिला माहेरी पाठवलंय. हर्षदा भराभर लिहीत होती. शेवटी शकीलाबी म्हणाल्या, "और ये भी लिख लो. रंग तो हमारा भी उसी नाले में जाता है. कम जाता है, पर जाता है."

हर्षदानं तेही लिहिलं.

दुपारी वसुधाताईंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघी बसलो, ताटं बाजूला सारून. दाल-बाफले झाले होते. बाफले म्हणजे उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप असं ओततात की माझ्या डॉक्टरांनी पाहिलं असतं तर त्यांनाच चक्कर आली असती. जेवणानं अंगात सुस्ती आणि डोक्यात शहाणपण आलं होतं. हर्षदाची हिंदी आपल्या धुळ्याची, म्हणून कागद सुधारायला वसुधाताईंनी लाल पेन घेतलं. निवृत्त शिक्षिकेच्या हाती लाल पेन द्यावं का? नाही द्यावं, पण आम्ही दिलं. "पानी काटता है" चं झालं "जल के संपर्क से त्वचा में जलन होती है". वास येण्याची दुर्गंध झाली. सून माहेरी गेली होती ती "पारिवारिक विघटन" झाली.

आणि मग हर्षदा त्या शेवटच्या वाक्याशी थांबली. "आजी, हे ठेवू का? यानं यांचीच बाजू लंगडी पडते."

मी क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, "गाळ ते. तिच्या विरुद्ध जाणारं तिच्याच कागदात कशाला? कोण विचारतंय?" वसुधाताईंनीही मान डोलावली. हर्षदानं जरा वेळ पेन धरून ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाक्य सोडून दिलं. कागद असा देखणा झाला की वसुधाताईंनी तो दोनदा मोठ्यानं वाचून घेतला.

पुन्हा भैरवगढ, बुधवार

सकाळी दहाला पोचलो. शकीलाबी कालच्याच टेबलाशी, मोराला पिसारा आला होता. हर्षदा उभी राहून वाचायला लागली. चांगलं वाचते ती, कॉलेजात बक्षिसं मिळवलेली आहेत. शकीलाबींचा हात चालू होता, मेणाची रेघ कुठं तुटत नव्हती. वाचून झालं. त्यांनी कलम मेणाच्या भांड्यात ठेवली, ओढणीला हात पुसला आणि म्हणाल्या, "बहुत अच्छा लिखा है बेटी. किसका है?"

हर्षदाला वाटलं त्यांना कमी ऐकू येतं. ती म्हणाली, आपका ही है. त्या म्हणाल्या, नाही, माझी सून विघटन वगैरे झालेली नाही, ती देवासला आईकडे आहे, परवा फोन आला होता. आणि मग अगदी शांतपणे विचारलं, "हमारे रंग वाली बात कहाँ गई?"

पोरगी माझ्याकडे वळली. अडचणीत आली की ती माझ्याशी अहिराणीत बोलते, म्हणजे इतरांना कळू नये. हळूच म्हणाली, "आजी, आते काय करानं?" आता काय करायचं! घड्याळात साडेदहा. सही नाही तर कागद नाही, कागद नाही तर जागा नाही, आणि सोमवारपासून काकांचं ऑफिस. हे सगळं माझ्या एका "गाळ ते" मुळे.

मी मोढ्यावरून उठले. म्हटलं, बहन, ते वाक्य मी काढायला लावलं. हिनं लिहिलं होतं. मला वाटलं तुमचं नुकसान होईल.

शकीलाबी रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. त्यांनी समजावून सांगितलं, आपण सुनेला समजावतो तसं. म्हणाल्या, कारखानेवाल्यांना काय आमचे टब माहीत नाहीत? कागद निघाला की पहिलं तेच बोलणार, तुम्ही कोण मोठे शुद्ध? मी लपवलं असेल तर मी खोटी. मीच आधी सांगितलं तर त्यांच्याकडे बोलायला राहिलं काय? आणि दुसरी गोष्ट, ती त्यांनी आवाज खाली घेऊन सांगितली. अधिकारी नदी साफ करायला येतात तेव्हा आधी टब उचलतात. टब उचलायला सोपे असतात. कारखान्याला नोटीस जाते, तारखा पडतात, तोवर आमच्या चुली बंद. "हमें नदी भी चाहिए और काम भी. दोनों लिखो. सब घरों के लिए एक टंकी बना दें, जिसमें रंग बैठ जाए, इतना ही मांग रहे हैं. टब की बात ही नहीं लिखोगी तो टंकी किसके लिए मांगोगी?"

मी खाली बसले. खरं सांगते, तेव्हा मला माझं मागचं अंगण दिसत होतं. तीस वर्षं मी जांभळं, मेंदी, मरून पाणी तिथल्या गटारात ओतलं. मरून तर तीन पाण्यांशिवाय स्वच्छ होत नाही. पुढं ते पाणी कुठं जातं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, आणि इथं ही बाई तो प्रश्न स्वतःहून कागदावर घालून मागत होती.

मी हे शकीलाबींना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "तो आप भी लिखवा दो, एक काग़ज़ में दो हो जाएँगे."

हर्षदानं वही उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी शकीलाबी बोलतील तेच शब्द. एखाद्या जागी तिचं पेन सुधारायला वळायचं आणि ती स्वतःच थांबायची. मधे कापड रंगाच्या टबात उतरवायची वेळ झाली, ते ताबडतोब फिरवावं लागतं, नाहीतर डाग पडतो. म्हणून मी पदर खोचला आणि शकीलाबींच्या जागी कापड फिरवत उभी राहिले. हात विसरले नव्हते. शकीलाबी बोलता बोलता तिरक्या नजरेनं माझ्यावर लक्ष ठेवून होत्या आणि एकदाच म्हणाल्या, "कोने दबाओ, कोने." चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणी मला काम शिकवलं, बरं वाटलं.

दुपारी दोनला वाचून झालं. तिसऱ्या ओळीला त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला, बाकी मान हलवत ऐकलं. मग म्हणाल्या, "हाँ. ये मेरा है." सही केली. सही करताना बोटाचं मेण कागदाच्या कोपऱ्यात लागलं, चांगला रुपयाएवढा डाग पडला. हर्षदाचा चेहरा उतरला, कारण पुन्हा उतरवायला वेळ नव्हता. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "आजी, तू सल्ला देऊ नकोस." बरोबरच होतं.

रिक्षात ती आणखी एक गोष्ट करायला लागली. नव्या कागदाला तिनं पहिला, लाल पेनवाला कागद टाचला. मी ओरडायच्याच बेतात होते. आपली चूक आपल्या हातानं परीक्षकाला कोण देतं? तोंड उघडलं, तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, मी बंद केलं. पावणेचारला फ्रीगंजचा जिना चढलो. पंधरा मिनिटं शिल्लक होती आणि माझे गुडघे पार संपले होते.

फ्रीगंज, गुरुवार आणि शुक्रवार

मुलाखतीच्या दिवशी दार बंद होतं, तेव्हा पुढचं हर्षदानं सांगितलं तसं सांगते. समोर मॅडम आणि दोन वकील. त्यातल्या एकांनी मेणाचा डाग नखानं खरवडून पाहिला आणि विचारलं हे काय. तिनं सांगितलं, सही करणारीचं बोट. मग मॅडमनी विचारलं, जबाब देणारी स्वतःविरुद्ध बोलते ती ओळ, तिनं खटला कमकुवत होत नाही का? हर्षदा म्हणाली, मलाही आधी तसंच वाटलं, म्हणून मी ती काढली होती, हा पहिला कागद. पण त्यावर त्यांनी सही केली नाही. मग तिनं टाकीची मागणी वाचून दाखवली आणि सांगितलं की ती ओळ नसेल तर ही मागणी उभीच राहत नाही. नदीचा कायदा आणि या बाईचा कामाचा हक्क हे दोन्ही एकाच कागदावर राहायचे असतील तर ती ओळ लागते. हे सगळं धुळ्याच्या हिंदीत. दुसऱ्या वकिलांनी विचारलं, पहिला कागद लपवता आला असता, तो का जोडला? ती म्हणाली, "सर, शकीलाबी ने अपने रंग की बात लिखवाई. तो मुझे भी अपनी लिखनी थी."

बाहेर आली तेव्हा मी काय झालं विचारलं, तर म्हणाली, माहीत नाही, पण मला भूक लागलीय. मग आम्ही भुट्ट्याचा कीस खाल्ला, म्हणजे कोवळं मक्याचं कणीस किसून दुधात परतलेलं. तीन द्रोण तिनं खाल्ले, दोन मी. भूक लागणं हे चांगलं लक्षण असतं, परीक्षेत काय किंवा आजारात काय.

शुक्रवारी सकाळी जिन्याच्या भिंतीला यादी लागली. पाच नावं, हर्षदाचं तिसरं. मी ते बोट ठेवून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मॅडम वरून उतरत होत्या. मी म्हटलं, मॅडम, ते वाक्य मी गाळायला लावलं होतं. त्या म्हणाल्या, कळलं मला, तिनं कागदावर लिहिलं होतं, आजीच्या सांगण्यावरून. म्हणजे माझीही नोंद तिथं आहे, फायलीत. असू दे.

अनिलरावांना मीच फोन केला. ते आधी अभिनंदन म्हणाले, मग म्हणतात कसे, पण आई, पुढं काय? मग मी वही उघडली आणि भोपाळच्या न्यायपीठापासून पीएचडीपर्यंत सगळं वाचून दाखवलं, मधे श्वास न घेता. शेवटी ते म्हणाले, बरं बरं, दुकानामागच्या नाल्याबद्दल तिला एकदा विचारा. मी म्हटलं, तुम्हीच विचारा, पण तुमच्या दुकानाचं काय त्यात जातं ते आधी सांगावं लागेल. त्यांनी फोन ठेवला, पण हसून ठेवला.

निघायच्या आधी भैरवगढला जाऊन आलो. जबाब आता केंद्राच्या दवाखान्यात दाखल झालाय, पहिला अर्ज त्याच्यावरून जाणार आणि तो हर्षदाच लिहिणार, हे शकीलाबींना सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, लिहू दे, पण आधी मला वाचून दाखवू दे. माझ्या हातात त्यांनी एक ओढणी ठेवली, जी मीच टबात फिरवली होती तीच. मोराच्या एका पंखाजवळ रंग जरा गडद बसलाय. तो कोपरा मी दाबला नव्हता.

धुळे

परवा ती ओढणी पहिल्यांदा धुतली. नवा रंग पहिल्या पाण्यात सुटतोच, बादली निळीशार झाली. सवयीनं बादली उचलून मागच्या अंगणात गेले, गटारापाशी वाकले, आणि तिथंच थांबले. बादली खाली ठेवली, हर्षदाला फोन लावला. म्हटलं, तुझ्या कायद्यात हे पाणी कुठं टाकायचं लिहिलंय ते सांग.

उज्जैनला तिचे वर्ग सुरू झालेत, ती नुकतीच वर्गातून बाहेर आली होती, मागं पोरांचा आवाज येत होता. म्हणाली, "आजी, तो भाग अजून शिकवायचाय. पुढच्या आठवड्यात सांगते. तोवर टाकू नकोस."

बादलीवर ताट झाकून मागच्या अंगणात ठेवलीय. शेजारीण विचारत होती, काय भिजत घातलंय? म्हटलं, नातीचा अभ्यास.